पतंगाच्या ओढीनें पाण्यावर : नवशिक्यानें कोठें शिकावें?

पतंग म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें संक्रांतीच्या सुमाराची गच्ची उभी राहते, मांज्यानें कापलेलीं बोटें आठवतात आणि शेजारच्या पोरांची 'काटला'ची आरोळी कानांत घुमूं लागते. ज्या पतंगाविषयीं मी आज बोलणार आहें, तो याच कुळांतला असला तरी अंगापिंडानें फार निराळा आहे. त्याचें क्षेत्रफळ सात-आठ चौरस मीटरांपासून बारा-चौदा चौरस मीटरांपर्यंत, म्हणजे एखाद्या लहानशा खोलीएवढें असतें. तो बळकट कापडाचा असून त्याच्या पुढल्या कडेस हवा भरलेली नळी असते, आणि वीस-पंचवीस मीटर लांबीच्या चार-पांच दोऱ्यांनीं तो हातांतल्या दांड्यास व कमरेच्या पट्ट्यास जोडलेला असतो. पायांखालीं एक फळी. वारा पतंगास ओढतो, पतंग माणसास ओढतो, आणि माणूस फळीवर उभा राहून पाण्यावरून भरधांव जातो. यास काइटबोर्डिंग असें म्हणतात. आपणही तोच शब्द चालवूं.

खेळ नवा, पण कल्पना जुनी आहे. ब्रिस्टल शहरांतील जॉर्ज पोकॉक नांवाच्या शाळामास्तरांनीं १८२६ सालीं पतंगांनीं ओढली जाणारी गाडी तयार करून तिचें पेटंट घेतलें होतें. १९०३ सालीं सॅम्युएल कोडी यांनीं पतंगाच्या ओढीनें होडींतून इंग्लिश खाडी ओलांडली. अडचण राहिली ती एवढीच कीं, पतंग एकदां पाण्यांत पडला म्हणजे तो पुन्हां वर चढविणें दुरापास्त होई. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांतील ब्रूनो व डोमिनिक लेगेन्यू या बंधूंनीं १९८४ सालीं हवा भरलेल्या नळ्यांच्या पतंगाचें पेटंट मागितलें, आणि पडलेला पतंग तरंगत राहून पुन्हां उडूं लागला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकांत या खेळास प्रथमच स्थान मिळालें. त्या शर्यती मार्सेयच्या समुद्रांत झाल्या, आणि स्त्रियांचें सुवर्णपदक ब्रिटनच्या एली ऑल्ड्रिज यांनीं पटकावलें.

तेव्हांपासून ओळखीच्या घरांतून एक प्रश्न माझ्या कानीं वारंवार येतो. मुलगा किंवा मुलगी हट्ट धरून बसते कीं, मला हें शिकावयाचें आहे. आईबाप विचारतात, पाठवावें तर कोठें? मग मुलें मोबाइलवर चित्रें दाखवितात. निळें पाणी, माडांची रांग, आणि उंच उडी मारलेला कोणी तरी वीर. चित्रें सुंदर असतात यांत शंका नाहीं. पण चित्रांत वाऱ्याची दिशा दिसत नाहीं, आणि पाण्याखालचा खडकही दिसत नाहीं.

माझ्या मतें नवशिक्याच्या जागेची कसोटी एकच आहे. वारा किती, राहण्याची सोय कशी, खर्च काय, हे सारे प्रश्न मागाहूनचे. पहिला प्रश्न असा कीं, माझ्या हातून चूक झाली आणि पतंग ताब्यांतून गेला, तर पुढल्या दोन मिनिटांत हा वारा मला कोठें नेऊन टाकील? 'कमरेइतक्या पाण्यांतून मऊ वाळूवर' असें उत्तर आलें तर ती जागा चांगली. 'खडकावर', 'स्नान करणाऱ्या लोकांत' किंवा 'खोल समुद्रांत' असें उत्तर आलें, तर ती जागा कितीही नामांकित असो, अजून आपली नव्हे.

चूक होणारच असें मी कां धरून चालतों, तेंही सांगतों. गच्चीवरचा पतंग गोता खाऊं लागला कीं आपण ढील देतों. लहानपणापासून तें हातांत मुरलेलें असतें. येथें दांडा अंगाकडे घेतला म्हणजे ओढ वाढते आणि दूर जाऊं दिला म्हणजे कमी होते. आतां भ्यालेल्या माणसाची रीत अशी कीं, हातांत असेल तें तो घट्ट आवळून छातीशीं धरतो. म्हणजे भय वाटतांच तो नेमकी ओढ वाढवितो! हात सोडून द्यावयास शिकणें हाच पहिल्या दिवसाचा सारा अभ्यास होय, आणि तो अंगीं बाणेपर्यंत दहा वेळां तरी उलटें होतें. त्यांत वाऱ्याचें गणित आणखी बिकट आहे. वाऱ्याची ओढ त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. १२ नॉटांचा वारा २४ नॉटांवर गेला तर ती दुप्पट न होतां चौपट होते. (एक नॉट म्हणजे ताशीं सुमारें १.८५ किलोमीटर.) नवशिक्यास १२ ते १८ नॉटांचा वारा पुरे, आणि तो एकसारखा वाहणारा हवा. इमारतींवरून, झाडीवरून किंवा टेकडीवरून उतरलेला वारा झोतांनीं येतो. क्षणांत मंद, क्षणांत प्रचंड. अशा जागीं जाणताही सावध असतो.

दिशेचें महत्त्व वेगाहूनही अधिक. शाळेच्या भूगोलांत आपण खारे वारे व मतलई वारे पाठ केले आहेत. त्या पाठांतराचा उपयोग येथें होतो. मतलईच्या दिशेचा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा नवशिक्यास सर्वांत घातक. आणि गंमत अशी कीं, तोच सर्वांत निरुपद्रवी दिसतो. कांठाशीं जमिनीच्या आडोशानें तो मंद वाटतो, लाटा उठत नाहींत, पाणी आरशासारखें असतें. पण कांठापासून दूर जावें तों तो वाढत जातो, आणि ज्याला अद्याप वाऱ्याविरुद्ध परतणें येत नाहीं, त्यास तो थेट आंत घेऊन जातो. समुद्रावरून सरळ जमिनीकडे येणारा वारा माणसास समुद्रांत नेत नाहीं हें खरें. मात्र तो त्यास किनाऱ्यावरच्या भिंती, माड आणि विजेच्या तारा यांकडे फेंकतो. चांगला वारा तो कीं जो किनाऱ्याला समांतर, किंचित जमिनीकडे झुकलेला असा तिरपा येतो. समुद्राकडे तोंड करून उभें राहिलें असतां तो कानावर आणि थोडासा गालावर लागावा. एवढी परीक्षा तर बरोबर गेलेल्या आजोबांनाही करतां येईल.

युरोपांत राहणाऱ्या आपल्या मंडळींस स्पेनचें तारिफा गांव ठाऊक असेल. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवरचें हें गांव या खेळाचें मोठें पीठ समजलें जातें. परंतु तेथील 'लेव्हांते' हा पूर्वेचा वारा सुटला कीं लोस लान्सेसच्या लांबलचक पुळणीवर तो जमिनीकडून समुद्राकडे, तोही झोतांनीं वाहतो. निष्णातांना त्यांत आनंद आहे; ज्यानें काल पहिल्यानें दांडा हातांत धरला त्यानें आपला वेळ दुसरीकडे घालवावा. याच्या उलट सिसिली बेटावर मार्साला शहराजवळ लो स्तान्योने नांवाची खाजणासारखी जागा आहे. पाणी बहुतेक ठिकाणीं मांडीपासून छातीपर्यंतच, बाहेरच्या बाजूस एक लांब बेट आडवें आलेलें, त्यामुळें लाट म्हणून नाहीं. कांठानें मिठागरें आणि जुन्या पवनचक्क्या. आपल्याकडील मिठागरांची आठवण यावी असा तो देखावा आहे. पडलेला विद्यार्थी तेथें नुसता उभा राहतो, फळी पायाशीं तरंगत असते, आणि शिक्षक चालत त्याच्याजवळ येतो. या 'उभें राहण्या'ची किंमत ज्यानें खोल पाण्यांत पहिला धडा घेतला असेल त्यासच कळेल. खोल पाण्यांत अर्धा तास फळी शोधण्यांत जातो आणि उरलेला अर्धा दम खाण्यांत.

उथळ पाण्यालाही मात्र घड्याळ असतें. झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावरील पाजे येथें प्रवाळाच्या बांधाआड सुंदर सपाट पाणी मिळतें. पण ओहोटीस समुद्र कित्येकशें मीटर मागें हटतो. मग तळाचे प्रवाळ, काटेरी समुद्र-साही आणि तेथील स्त्रियांनीं समुद्रशेवाळाच्या लागवडीसाठीं रोंवलेल्या काठ्या उघड्या पडतात. तेव्हां जागा विचारतांना भरतीची वेळही विचारावी, आणि पायांत जोडा घालून उतरावें.

आतां आपल्याकडे येऊं. पुष्कळांचा समज असा कीं, पावसाळ्यांत कोंकणाइतका वारा कोठेंच नाहीं, तेव्हां मुंबई-रत्नागिरीचा किनारा या खेळास उत्तम असला पाहिजे. वारा असतो खरा! पण तो समुद्रावरून जमिनीकडे येणारा, वादळी झोतांचा असतो, आणि खालीं उधाणलेल्या लाटा फुटत असतात. ज्या समुद्रांत कोळी लोक नारळी पौर्णिमेपर्यंत होडी घालीत नाहींत, तेथें आपल्या मुलानें पहिला धडा गिरवूं नये. आपल्या पश्चिम किनाऱ्याचा शिकण्याजोगा काळ फेब्रुवारीपासून मेपर्यंतचा. त्या दिवसांत दुपारीं जमीन तापली म्हणजे वायव्येकडून खारा वारा सुटतो, आणि आपला किनारा साधारण उत्तर-दक्षिण असल्यामुळें तो हवा तसा तिरपा लागतो. गोव्यांत मोरजी-आश्वें या बाजूस याच वाऱ्यावर शिकविलें जातें. तो सौम्य असतो; भारी देहाच्या माणसास मोठा पतंग लागतो आणि एखादी दुपार नुसती वाट पाहण्यांत जाते. पण भीति मोडण्यासाठीं सौम्य वारा वाईट नाहीं. मोरजीची पुळण समुद्रकांसवांच्या अंडीं घालण्याचीही जागा आहे. तेथें राखून ठेविलेल्या भागांत पतंग पसरूं नये, हें सांगावयास नको.

नेटानें शिकावयाचें असेल तर दक्षिणेस जावें. भारताचें टोंक आणि लंका यांमधल्या फटींतून नैर्ऋत्य मोसमी वारा जोरानें वाहतो, आणि हिवाळ्यांत ईशान्येकडचा वारा उलट दिशेनें येतो. रामेश्वरास म्हणूनच वर्षांत दोन हंगाम मिळतात, आणि तेथें शिकविणाऱ्या शाळाही आहेत. आपल्या आजी-आजोबांनीं जेथें काशीची गंगा नेऊन वाहिली, तेथें नातवंडें पतंग घेऊन जात आहेत! पण रामेश्वर हें बेट आहे हें ध्यानांत ठेवावें. जी बाजू एका हंगामांत शिकण्यास योग्य, तीच दुसऱ्या हंगामांत वारा उलटल्यामुळें अयोग्य ठरते. म्हणून नुसतें 'रामेश्वर चांगलें' या म्हणण्यास अर्थ नाहीं. कोणता महिना आणि कोणती बाजू, हें त्याबरोबर आलें पाहिजे. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंतचे पावसाचे व चक्रीवादळांचे दिवस तर टाळावेतच. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्रीं आलेल्या वादळानें त्याच बेटावरचें धनुष्कोडी गांव कायमचें उजाड केलें, आणि प्रवाशांनीं भरलेली आगगाडी समुद्रानें गिळली.

समोर लंकेच्या वायव्य किनाऱ्यावर कल्पिटिया आहे. तेथील खाजण उथळ व सपाट. मे ते ऑक्टोबर हा मुख्य हंगाम आणि डिसेंबर ते मार्च हा दुसरा. मुख्य हंगामांत वारा पुष्कळदां वीस नॉटांच्या वर जातो, तेव्हां हलक्या अंगाच्या मुलामुलींनीं लहान पतंगाची चौकशी आधीं करावी.

जागेइतकाच प्रश्न माणसाचा. आंतरराष्ट्रीय काइटबोर्डिंग संघटना शिक्षकांस प्रमाणपत्रें देते. तें पाहावें, पण तेवढ्यावर थांबूं नये. एका शिक्षकाजवळ एका वेळीं किती विद्यार्थी असतात? दोहोंपेक्षां अधिक असतील तर मी तरी दुसरी शाळा शोधीन. शिक्षक स्वतः पाण्यांत उतरतो, कीं कांठावरून हाका मारतो? सोडविण्यास होडी तयार आहे काय? डोक्यास शिरस्त्राण आणि अंगांत तरंगजाकीट देतात काय? पतंग एका झटक्यांत सोडून देण्याची जी कळ असते, ती प्रत्येकाकडून कोरड्या वाळूवर दहा वेळां वापरून घेतात काय? या प्रश्नांना जो हंसून उडवून लावील, त्याच्या हातीं मूल देऊं नये. एका किनाऱ्यावर मीं असें पाहिलें कीं, आकाश निरभ्र दिसत असतां शिक्षकानें क्षितिजावरच्या एका काळसर पट्ट्याकडे बोट दाखविलें आणि सर्वांचे पतंग खालीं उतरवून त्यांतली हवा काढविली. पैसे भरलेली मंडळी कुरकुरूं लागली. वीस मिनिटांत वावटळ आली आणि वाळूवर ठेवलेल्या खुर्च्या उडून गेल्या. तो शिक्षक उड्या कशा मारीत असे हें मला आठवतही नाहीं. पण माझ्या पुतणीस मी त्याच्याकडे डोळे मिटून पाठवीन.

मुलींच्या आयांस एक गोष्ट मुद्दाम सांगतों. यास पैलवानाचें बळ लागतें ही समजूत खोटी आहे. ओढ कमरेच्या पट्ट्यावर येते, हातांना केवळ दिशा द्यावयाची असते. पोहतां येणें मात्र अवश्य आहे, आणि तेंही तलावापुरतें असून भागत नाहीं.

फळीवर उभें राहून थोडें अंतर जाण्यास बहुतेकांस नऊ ते बारा तासांचे धडे लागतात. म्हणजे वारा लाभला तर चार दिवस. वारा कोणाच्या रजेचा हिशेब ठेवीत नाहीं, म्हणून परतीचें तिकीट दोन-तीन दिवस राखून काढावें, आणि न घेतलेल्या धड्यांचे पैसे परत मिळतात कीं नाहीं हें आधींच लिहून घ्यावें. पोहोंचल्या दिवशीं पतंगास हात न लावतां दुपारभर किनाऱ्यावर बसावें. कोण कोठें पडतो, पडल्यावर वाहत कोणीकडे जातो आणि त्याला आणावयास कोण धांवतो, एवढें पाहून मग शाळेंत नांव घालावें.