सरासरीच्या आड दडलेले मरण

(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



राज्याचा मृत्युदर ही सरासरी असते. कोण कुठे लवकर मरतो, हे ती सांगत नाही. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्य पाहा. तिथली काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. मॅकडॉवेल ही कोळसा खाणींची काउंटी. 2010 साली तिथल्या पुरुषांचे सरासरी आयुर्मान सुमारे 64 वर्षे होते. सबंध देशात 76. त्याच राज्यातील मोनोंगालिया काउंटीत विद्यापीठ आहे, मोठे रुग्णालय आहे. तिथली माणसे कितीतरी जास्त जगतात.

कोणी म्हणेल, तरुण गेले, म्हातारे उरले, म्हणून मरणे जास्त दिसतात. तरुण गेले हे खरे. खाणीत यंत्रे आली, रोजगार गेला. 1950 साली मॅकडॉवेलची वस्ती सुमारे 99 हजार होती, 2020 साली 19 हजार उरली. पण आयुर्मान काढताना प्रत्येक वयाचा मृत्युदर वेगळा धरतात. म्हातारे जास्त म्हणून तो आकडा घसरत नाही. माणसे वेळेआधी मरतात म्हणून घसरतो.

हे नशीब नव्हे. फेब्रुवारी 1969 मध्ये याच राज्यातील सुमारे 40 हजार खाणकामगारांनी काम बंद केले. तेव्हा कुठे कोळशाच्या धुळीने फुफ्फुसे निकामी झालेल्यांना भरपाई देणारा कायदा झाला. वर्षअखेर केंद्रालाही खाण सुरक्षेचा कायदा करावा लागला.

म्हणून कोणी सरासरी ऐकवली, तर विचारा: कोणता जिल्हा? कोणते वय? कोणते काम? गँगमनचा आकडा वेगळा मागा, साहेबाचा वेगळा. आपले मागणीपत्र तिथूनच सुरू होते.