वयाचा दाखला



मला बालगुन्हेगारीवर बोलायला सांगितलं आहे. "आपली पोरं तसली नाहीत" असं कुणाच्या मनात आलं असेल तर येऊ द्या, पण ऐकून घ्या.

पुण्यात 26 ऑगस्ट 1994 रोजी एका घरात सात खून झाले. मृतांत गरोदर बाई होती, लहान मुलं होती. जुन्या मंडळींना आठवत असेल. आरोपींमध्ये राजस्थानातून आलेला एक मुलगा होता. कागदोपत्री तो सज्ञान धरला गेला. 1998 साली त्याला फाशीची शिक्षा झाली, 2000 साली सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. पुढे गावच्या शाळेतली जन्मतारीख कोर्टासमोर आली. गुन्ह्याच्या वेळी पोरगं साडेबारा वर्षांचं होतं! खटल्यात त्याचं नावसुद्धा वेगळंच लागलं होतं. 27 मार्च 2023 रोजी सुप्रीम कोर्टाने त्याला सोडायला सांगितलं. कायद्याने फार तर तीन वर्षं झाली असती, त्याने अठ्ठावीसच्या वर काढली होती.

ज्यांची माणसं गेली त्यांचं दुःख यानं कमी होत नाही. त्यांचा राग मला समजतो. पण एवढ्याशा पोराला फाशीच्या सावलीत वाढवणं, याला मी न्याय म्हणणार नाही.

दिल्लीत डिसेंबर 2012 मध्ये जे घडलं त्यात एक आरोपी अठराच्या आतला होता. देश खवळला आणि 2015 चा कायदा आला. सोळा पुरे झालेल्या मुलाने ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळ त्याची तपासणी करतं. त्याची समज किती, परिणाम कळत होते का, कोणत्या परिस्थितीत घडलं. मग त्याच्यावर मोठ्यासारखा खटला चालवायचा की नाही ते ठरतं. तरी फाशी देता येत नाही, आणि एकवीसपर्यंत मोठ्यांच्या तुरुंगात घालता येत नाही. प्रश्न योग्य आहेत. पण घाबरलेलं, धड बोलू न शकणारं पोर मंडळासमोर उभं राहतं, तेव्हा त्याची समज मोजायची कशी? मला तरी ते अवघड वाटतं.

आता आपल्या घरचं बघा. वयाबद्दल वाद निघाला की कायदा आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र मागतो. ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसले की हाडांची तपासणी, आणि त्यात वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतात. सोळा-अठराच्या उंबरठ्यावर तेवढ्यानं पोराचं आयुष्य फिरतं. आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजानं एक जून लिहिलेली किती माणसं इथं बसली आहेत, हात वर करा बरं!

येत्या रविवारी मुलांचे दोन्ही दाखले घेऊन विहारात या. नाव आणि तारीख जुळते का ते आपण बसून पाहू. ज्यांचं जुळत नसेल त्यांचे अर्ज इथेच लिहून देऊ.

जयभीम.