तपासून आणलेलं पोट



मराठवाड्याच्या कथा-कादंबऱ्यांत लेकीबाळींचं दुःख भरपूर आहे. हुंडा आहे, सासुरवास आहे, ऊसतोड आहे. सोनोग्राफीची खोली मात्र क्वचितच दिसते, आणि दिसली तरी दोष कुणाचा ते आधीच ठरलेलं असतं: नातवासाठी हटून बसलेल्या अडाणी सासूचा. हे चित्र शिकलेल्यांच्या सोयीचं आहे, म्हणून टिकलं.

१९८६ मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यांतले ४२ जण गर्भजल तपासून मुलगा की मुलगी ते सांगत होते. म्हणजे सुरुवात खेड्यातल्या चुलीपाशी झाली नाही, पदव्या टांगलेल्या दवाखान्यांत झाली. कार्यकर्त्यांनी विषय लावून धरला, तेव्हा १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंग-तपासणीविरुद्धचा देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तोवर गर्भजलाची सुई मागे पडू लागली होती आणि सोनोग्राफीचं यंत्र पैशांच्या वाटेने तालुक्याच्या गावांकडे निघालं होतं.

निसर्गाच्या हिशेबाने हजार मुलांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात राज्याचा आकडा ८९४ निघाला. लातूर ८८९, बीड ८०७. आपला नांदेड ९१०, पण शेजाऱ्याकडे बघून आपली पाठ थोपटावी असं त्यात काही नाही.

कायदा सांगतो की गर्भाचं लिंग शब्दांनी, खुणेने किंवा अन्य कोणत्याही रीतीने कळवायचं नाही. खुणांच्या बाबतीत मात्र काही डॉक्टरांची प्रतिभा कवींना लाजवेल अशी! ‘पेढे आणा’ म्हटलं की मुलगा, जिलेबीचं नाव निघालं की मुलगी. मग घरी ‘तपासून आणलं’ एवढंच सांगितलं जातं, आणि पुढचं ‘पिशवी साफ केली’ या तीन शब्दांत उरकतं.

सोनोग्राफीच्या खोलीत फॉर्म ‘एफ’ नावाचा एक रुक्ष कागद असतो. बाईचं नाव, वय, आधीची मुलं किती, त्यांत मुली किती, सोनोग्राफी कशासाठी, पाठवलं कोणी. खाली तिचं निवेदन: गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. हा कागद अर्धवट ठेवणं हाही गुन्हा. कारकुनी चुकीला एवढी शिक्षा कशाला, अशी डॉक्टरांच्या संघटनेची तक्रार होती. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. प्रामाणिक डॉक्टरला जाच होतो, हे खरं. पण बंद खोलीत झालेल्या खुणेला साक्षीदार कुठून आणायचा? ‘मुलगी वाचवा’च्या भिंतींवर जेवढा रंग खर्च झाला, त्याहून जास्त काम या कागदाने केलं असावं.

लक्ष्मीकांत देशमुख कोल्हापूरचे जिल्हाधिकारी असताना त्यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडायला लावला. पडद्यावर दिसलेलं सगळं त्यात साठतं. रेडिऑलॉजिस्ट उच्च न्यायालयात गेले आणि २०११ मध्ये हरले. हेच देशमुख कथाकार. ‘सावित्रीच्या गर्भात मारलेल्या लेकी’ हा त्यांचा कथासंग्रह, आणि २०१८ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे तेच अध्यक्ष. फायली आणि कथा एकाच हाताने लिहिल्या गेल्याचं असं उदाहरण मराठीत विरळा.

२०१२ मध्ये परळीत चार मुलींची आई गर्भपातात दगावली. डॉक्टर दाम्पत्याला दहा वर्षांची शिक्षा व्हायला २०१९ उजाडलं. कायदा अशा बाईला गुन्हेगार धरत नाही. नवऱ्याने किंवा नातलगांनी तिच्यावर जबरदस्ती केली, असंच गृहीत धरतो. आपल्या गोष्टींत मात्र नवरा बहुधा दवाखान्याबाहेर चहा पीत उभा असतो. बाळाला एक्स गुणसूत्र मिळणार की वाय, म्हणजे मुलगी की मुलगा, हे त्याच्याकडून ठरतं, हे विज्ञानाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ठाऊक आहे.

आता यंत्राचीही गरज उरलेली नाही. आईच्या रक्तात बाळाचा डीएनए फिरतो, हे १९९७ मध्ये शास्त्रज्ञ डेनिस लो यांनी दाखवलं. त्यावरून दोन-अडीच महिन्यांतच लिंग कळू शकतं. कायद्याच्या व्याख्येत रक्ताची चाचणीही येते, पण रक्ताची कुपी कुठेही पाठवता येते. आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून तेलंगणाची हद्द जवळ आहे, आणि हा कायदा राबवणाऱ्या तालुक्याच्या अधिकाऱ्याचा अधिकार तिथे संपतो.