घरपट्टी कशी ठरते?

(युसूफ वडगाव येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढील भाषण)



घरपट्टीची नोटीस आली की आपण काय करतो? कागद खुंटीला अडकवतो. नाहीतर शेजारच्या शाळकरी पोराला म्हणतो, "बघ रे बाबा, किती मागतात." पोरगं आकडा सांगतं. आकडा मोठा वाटला तर पंचायतीला चार शब्द सुनावतो आणि गप्प बसतो. आता तुम्हाला अक्षर कळू लागलं आहे. तेव्हा हा आकडा येतो कुठून, ते आज आपण पाहू.

घरावर कर बसवण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला १९५८ च्या कायद्याने दिला. त्याचं कलम १२४. आपला बीड जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता, आणि त्याच्या दहा वर्षं आधी निजामाच्या राज्यात. या कलमाप्रमाणे घरांवर आणि शेतसारा लागत नाही अशा जागांवर कर बसतो. रानाला घरपट्टी नाही. रानाचं दप्तर वेगळं.

इथेच एक घोटाळा होतो. पंचायतीत घरांची जी वही असते तिला 'नमुना आठ' म्हणतात. तलाठ्याकडे शेतजमिनीचा उतारा मिळतो, तो 'आठ-अ'. नावं जवळजवळ सारखी. माणूस घराचा उतारा मागायला तलाठ्याकडे जातो आणि फुकटचा हेलपाटा पडतो. (२०२४ साली तलाठ्याला 'ग्राम महसूल अधिकारी' आणि ग्रामसेवकाला 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव मिळालं. पारावर मात्र जुनीच नावं चालतात. आम्हीही तीच वापरतो.)

नमुना आठमध्ये तुमच्या घराची एक ओळ असते. मालकाचं नाव, घर कशाचं बांधलेलं, किती जागेवर, वापर कसला, किंमत किती आणि कर किती, हे सगळं त्या ओळीत. ती ओळ स्वतः वाचावी, एवढ्यासाठीच हे भाषण आहे.

किंमत कशी काढतात? ३१ डिसेंबर २०१५ ला शासनाने नियम बदलले. तेव्हापासून कर घराच्या भांडवली किमतीवर बसतो. आधी जागेची किंमत. तिचा दर सरकारी तक्त्यातून घेतात. लोक त्या तक्त्याला 'रेडी रेकनर' म्हणतात. मग बांधकामाची किंमत. तीही दराप्रमाणेच, पण घर जितकं जुनं तितकी ती कमी धरतात. याला घसारा म्हणतात. दोन्हींची बेरीज झाली की वापर बघतात. राहत्या घरापेक्षा दुकानाला जास्त पडतं. शेवटी दर हजार रुपयांमागे कर किती, तो दर लावतात. हा दर पंचायत ठरवते. त्याची कमीत कमी आणि जास्तीत जास्त हद्द शासनाने आखून दिली आहे.

गणित लांब आहे खरं. पण ते चुकतं कुठे? बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर.

समजा, एका म्हातारीचं माळवदाचं घर आहे. भिंती दगडमातीच्या. लांबी ३० फूट, रुंदी २० फूट. म्हणजे ६०० चौरस फूट. वहीत पुष्कळदा चौरस मीटर लिहितात. एका चौरस मीटरात पावणेअकरा चौरस फूट बसतात. ६०० फुटांचे झाले सुमारे ५६ मीटर. आता वहीत ८० मीटर लिहिले असतील तर? किंवा माळवदाच्या जागी 'सिमेंटचा स्लॅब' लिहिला असेल तर? किंवा ओट्यावरचं किराणा दुकान केव्हाच बंद पडलं, तरी वापर 'व्यापारी' राहिला असेल तर? म्हातारी दरसाल जास्तीचा कर भरत राहणार. कोणी मुद्दाम लुबाडलं असं नाही. मोजायला आलेला माणूस दारातूनच अंदाज करून गेला असेल. पण पैसे तिचेच जातात.

म्हणून टेप घ्या. आपलं घर आपण मोजा. आकडे कागदावर लिहा आणि पंचायतीतून नमुना आठचा उतारा घेऊन ताडून बघा.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात काय पाऊस झाला, ते तुम्हाला सांगायला नको. मातीच्या घरांची त्यात दैना झाली. ज्यांच्या खोल्या पडल्या, त्यांनी नुकसानीच्या पंचनाम्यावरच थांबू नये. नमुना आठची नोंद दुरुस्त करावी, म्हणून पंचायतीकडे वेगळा अर्ज द्यावा. नाहीतर पडलेली खोली वहीत उभीच राहते.

पंचायत दर चार वर्षांनी आकारणी नव्याने करते. तेव्हा यादी लावतात आणि हरकती मागवतात. हरकतीची शेवटची तारीख नोटिशीवर असते. आधी ती तारीख वाचा. हरकत लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं दप्तरात राहत नाही. पंचायतीने ऐकलं नाही, तर केजला पंचायत समितीकडे अपील करता येतं. तिथला निकाल पटला नाही, तर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. तिचा निकाल शेवटचा.

सवलतीचंही सांगतो. माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना २०२० च्या शासन निर्णयाने एका घरापुरती घरपट्टी माफ झाली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून त्यांनी अर्ज करावा.

बायांसाठी एक गोष्ट. वहीत नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावावं, असं शासनाने २००३ साली ठरवलं. तुमचं नाव लागलं आहे का, तेवढं बघा. नमुना आठ ही कराची वही आहे. तिच्यावरून मालकी सिद्ध होत नाही. पण नाव असलं की नोटीस तुमच्या हाती येते आणि हरकत तुम्हाला घेता येते.

पैसे भरलेत की पावती घ्या. ती 'नमुना दहा'. पावतीवरचं नाव, साल आणि रक्कम तिथेच उभं राहून वाचा. चूक असली तर खिडकी सोडण्याआधी सांगा.