अंगण कोणाच्या नावावर?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



हिशेब, ऑडिट, लिफ्ट या सगळ्यावर आधीच्या वक्त्यांनी सांगून झालंय. मी फक्त दोन विंगच्या मधल्या चौकाबद्दल बोलणार आहे. आता त्याचा अर्धाच भाग उरलाय.

माझं गाव तुडील, महाडच्या खाडीपट्ट्यातलं. पावसाळा सरला की अंगण नव्यानं करायचं काम निघे. माती खणायची, पाणी मारायचं, चोपून चोपून घट्ट करायची, मग शेणानं सारवायची. एका घराला ते झेपत नसे. आज शेजारचे आमच्याकडे, उद्या आम्ही त्यांच्याकडे. तिथेच धान्य वाळे, तिथेच लग्नाचा मांडव पडे. सातबारा आमचा, पण वाटसरू सरळ अंगणातून जाई आणि आजी ओटीवरून विचारी, "काय रे, दोन दिवस दिसला नाहीस?"

निवृत्तीनंतर मी बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज मुद्दाम बघून आलो. चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी 1983 ते 86 च्या सुमारास ते उभारलं. सात घरांचा एक गट, मध्ये आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण. असे तीन गट मिळून एकवीस घरं, त्यांना बारा मीटरचा चौक. सुमारे साडेपाच हेक्टरांत साडेपाचशेच्या आसपास कुटुंबांची सोय, आणि टॉवर एकही नाही. आठ मीटर म्हणजे किती? दोन मोटारी एकापुढे एक लावल्या की संपलं. पण सातच घरं असल्यामुळे कोण दिसलं नाही ते लगेच कळतं. आता तिथली बरीच घरं पाडून लोकांनी मोठे बंगले बांधलेत. कोरियांनी प्रत्येक घर स्वतंत्र ठेवलं होतं, वाढवता यावं म्हणून. एवढं वाढवतील असं त्यांनाही वाटलं नसेल! तरी मधले चौक मला मोकळे दिसले. त्या जागेवर सातही घरांचा डोळा असतो, म्हणून कुणा एकाला ती गिळता येत नाही, असं माझं मत.

आता आपल्याकडे येतो. बारा वर्षांपूर्वी अर्ध्या चौकात पेव्हर ब्लॉक घालून चौदा गाड्यांची जागा केली. तेव्हा मी खजिनदार होतो. बँकेची सवय, जागा रिकामी म्हणजे पैसा पडून, असं वाटायचं. सभेत तो ठराव मीच मांडला, पार्किंगचं वार्षिक उत्पन्न मोठ्या अक्षरांत लिहून. टाळ्या पडल्या. बाक भिंतीकडे सरकवला, पुढे तो मोडला, नवा कुणी आणला नाही.

त्या बाकावर आमच्या विंगमधले एक गृहस्थ रोज संध्याकाळी बसत. बाक गेल्यावर ते खाली यायचे थांबले. ते तीन आठवडे अंथरुणाला खिळून होते, हे मला वॉचमनकडून कळलं. माझ्या खालच्याच मजल्यावर राहत होते हो! त्या ताळेबंदात उत्पन्न मी बरोबर दाखवलं होतं. हा खर्च कुठे दाखवायचा?

उरलेल्या अर्ध्या भागाचा ठराव आता पुढच्या सभेत येतोय. काही जण म्हणतात, बाग गच्चीवर करू. डिसेंबर 2013 मध्ये मुंबईतल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की, तेव्हाच्या नियमावलीनुसार सक्तीची मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर दिली तर ती त्याखेरीज जादा. आपल्याला कोणता नियम लागतो ते सेक्रेटरींनी मंजूर नकाशा काढून सभेपुढे ठेवावं. पण कायदा बाजूला ठेवला, तरी गुडघे दुखणारा माणूस गच्चीवर जाऊन बसेल का? आणि मुलं तिथे चेंडू खेळतील का?

गाड्यांची अडचण खोटी नाही. रात्री अकराला आलेल्याला रस्त्यावर फेऱ्या माराव्या लागतात, मी बघतो. माझी गाडी आठवड्यातून एकदा निघते, तीही बॅटरी उतरू नये म्हणून. ती मी विकतोय. चौकाच्या कडेची माझी जागा सोडत असल्याचा अर्ज आज सकाळीच सेक्रेटरींकडे दिला आहे. तिथे बाक ठेवावा. त्याचा खर्च माझा.