टेकडीवरचा धडा
(वार्षिक सभेत केलेले भाषण)



मोबाइलवरच्या शिक्षणाविषयी बोलायला मला सांगितले आहे. आधी माझी चूक सांगतो.

२०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा धडगाव तालुक्यातल्या पाड्यांवरील मुलांसाठी मी अपूर्णांकांचा व्हिडिओ बनवला. १२ मिनिटांचा, चित्र अगदी स्वच्छ, फाइल १३५ एमबीची. नाशिकला घरी बसून पाहताना मोठे समाधान वाटले. आठवड्याने फोन केला तर सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, नुसती गोल चकरी फिरतेय." रेंजसाठी ती टेकडीवर चढत होती. तिथे सेकंदाला जेमतेम १०० किलोबिट मिळत. म्हणजे माझा एक धडा उतरवायला तीन तास! वडिलांनी मजुरीतून मारलेले रिचार्ज त्या चकरीतच संपले. हे मला अजून टोचते.

मग त्या धड्याचे चार-चार मिनिटांचे तीन तुकडे केले आणि चित्र २४०पी वर आणले. प्रत्येक तुकडा साडेपाच एमबीच्या आत, टेकडीवर सात-आठ मिनिटांत उतरणारा. पण आता फळ्यावरचे अक्षर लागेना. ३/४ आणि ३/८ सारखेच दिसू लागले. म्हणून पुन्हा चित्रण केले. एका वेळी एकच अपूर्णांक, ठळक अक्षरात, आणि मागे कोरी भिंत. मागे झाडाची पाने हलत असली की फाइल फुगते, कारण चित्राचा बदलणारा भाग पुन्हा पुन्हा साठवावा लागतो; स्थिर भिंतीला जवळजवळ काहीच लागत नाही. आवाजात मात्र काटकसर केली नाही. चित्र अंधुक असले तरी मूल सांभाळून घेते, शब्द तुटला की ते फोन खाली ठेवते. आणि समजावून सांगणे पावरी बोलीत, तिथल्याच एका ताईंच्या आवाजात. माझ्या पुस्तकी मराठीपेक्षा ते किती तरी बरे.

जिथे टेकडीवरही रेंज नाही, तिथे मेमरी कार्ड. आठवडी बाजाराला आलेले पालक ते घेऊन जातात आणि पुढच्या बाजारी बदलून नेतात.

तुमच्या कपाटांत जुनी कार्डे पडलेली असतील. ८ जीबीचेही चालेल. फक्त देण्याआधी आपले फोटो काढून घ्या. मागच्या वेळी अपूर्णांकांच्या आधी मुलांनी कुणाचे तरी अख्खे लग्न पाहिले.