मोगली, राम आणि उमरठचा तानाजी

(महाड-पोलादपूर परिसरातील पालक व कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



रायगडाच्या छायेत वसलेल्या या भूमीत मुलांच्या कार्टूनवर व्याख्यान व्हावे, याचे काहींना नवल वाटले असेल. महाड तालुक्यातील शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. पोलादपुरात ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी आहे. अशा ठिकाणी मोगली आणि शेरखानाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणी केल्यास तो गैर नव्हे. परंतु शिवभारताची रचनाच पाहावी. काशीतील पंडित विचारतात आणि परमानंद त्यांना शिवचरित्र सांगतात, अशी त्या काव्याची मांडणी आहे. थोरांचे चरित्र कोणी सांगावे, कोणाला सांगावे आणि कोणत्या वाणीत सांगावे, हा विचार या मातीला तीनशे वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. आज तोच प्रश्न पडद्यावरून विचारला जात आहे, एवढेच.

बालपणी मनात ठसलेली गोष्ट पुन्हा नव्या रूपात आली की ज्यांनी ती पूर्वी पाहिली होती त्यांच्या मनात काय उमटते, याचे तीन नमुने गेल्या काही वर्षांत देशाने पाहिले. एकदा आनंद झाला, एकदा संताप झाला आणि एकदा हळहळ वाटली. या तिन्हींतला भेद नीट उमजला, तर पालकांना आपले कर्तव्यही उमजेल.

मुरुडचा शेरखान

प्रथम आनंदाचे उदाहरण. कोकण रेल्वेचा रूळ रोह्याहून वीरपर्यंत आला ते १९९३ हे साल. त्याच वर्षी दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ ही मालिका हिंदीत सुरू झाली. ज्या वाडीत दूरचित्रवाणीचा एखादाच संच असे, तेथे त्या घराच्या पडवीत शेजारपाजारची सगळी मुले दाटीवाटीने बसत. आज चाळिशीत असलेल्या पिढीला त्या मालिकेचे शीर्षकगीत आजही पाठ आहे.

त्या मालिकेची जन्मकथा मोठी विलक्षण आहे. मूळ कथा रुडयार्ड किपलिंग यांची. ते इंग्रज लेखक, साम्राज्याचे अभिमानी. परंतु जन्म १८६५ साली मुंबईत झालेला. त्यांचे पुस्तक १८९४ चे आणि त्यातील अरण्य मध्य भारतातील सिवनीचे. त्यावर बावन्न भागांची चित्रमालिका काढली ती जपानच्या निप्पॉन अॅनिमेशन या संस्थेने, १९८९ साली. हिंदीसाठी गीत लिहिले गुलजार यांनी, संगीत दिले विशाल भारद्वाज यांनी आणि शेरखानाला आवाज दिला नाना पाटेकर यांनी. नानांचे जन्मगाव मुरुड-जंजिरा, म्हणजे याच रायगड जिल्ह्याचा सागरकिनारा. परक्याची लेखणी आणि परक्याची रेषा असूनही ती गोष्ट भारतीय मुलांना परकी वाटली नाही, याचे मोठे कारण तिला लाभलेली वाणी आणि गीत होय.

पुढे २०१६ साली डिस्ने या अमेरिकी संस्थेने जॉन फॅवरो यांच्या दिग्दर्शनाखाली ‘जंगल बुक’ नव्याने काढला. तंत्र संगणकाचे, खर्च अफाट. अमेरिकेच्या आधी एक आठवडा, ८ एप्रिलला, तो भारतात प्रदर्शित झाला. हिंदी आवृत्तीत भालूला इरफान खान, बघीराला ओम पुरी असे नामवंत आवाज लाभले. शेरखानासाठी मात्र पुन्हा नाना पाटेकर यांनाच पाचारण करण्यात आले आणि ते जुने गीतही प्रचारासाठी नव्याने ध्वनिमुद्रित केले गेले. मूळ अमेरिकी चित्रपटात त्या गीताला स्थान नव्हते. भारतीय प्रेक्षकाच्या स्मृतीपुढे एका बलाढ्य परदेशी संस्थेने केलेला तो नमस्कार होता. प्रेक्षकांनीही त्याचा आनंदाने स्वीकार केला. रूप पालटले, तंत्र पालटले, तरी ओळखीची खूण जपली गेली होती. आईबापांनी मुलांना चित्रपटगृहात नेले आणि डरकाळीबरोबर आवाज ओळखून सांगितले, “हाच तो!”

साकोंचे रामायण

संतापाचे उदाहरण समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९८३ साली युगो साको नावाचे जपानी गृहस्थ भारतात आले होते. पुरातत्त्ववेत्ते डॉ. बी. बी. लाल यांच्या उत्खननावर ते माहितीपट करीत होते. त्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि कोणी परकीय मनमानी रीतीने रामायणावर चित्रपट काढीत आहे, असा समज पसरला. विश्व हिंदू परिषदेने जपानी दूतावासाकडे निषेधाचे पत्रही धाडले. पुढे समक्ष बोलणे झाले, गैरसमज निवळला. राम हा देव आहे. त्याचे रूप एखाद्या नटापेक्षा चित्रातूनच अधिक योग्य प्रकारे प्रकट होईल, ही साकोंची भूमिका परिषदेला पटली. भारत सरकारने मात्र विषय नाजूक म्हणून सहकार्य नाकारले. अखेर चित्रपट जपानमध्येच झाला. साकोंसमवेत कोइची सासाकी आणि भारतीय अॅनिमेशनचे जनक मानले जाणारे राम मोहन यांनी दिग्दर्शन केले.

‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा तो चित्रपट १९९२ साली पूर्ण झाला. चित्रपटगृहांतून तो फारसा पोहोचला नाही. परंतु दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांवरून सुटीच्या दिवसांत तो पुनःपुन्हा दाखवला गेला आणि एका पिढीच्या मनात रामाचे चित्र त्याने रेखले. हिंदी आवृत्तीत रामाचा आवाज अरुण गोविल यांचा, रावणाचा अमरीश पुरी यांचा, तर निवेदन शत्रुघ्न सिन्हा यांचे होते. एका जपानी माणसाने रामायणाची अनेक भाषांतरे अभ्यासून, भारतीय जाणकारांना वस्त्रे आणि आचार विचारून हे काम केले. एकेकाळी त्याच्याकडे संशयाने पाहिले गेले होते, हे प्रांजळपणे स्मरले पाहिजे. कलाकृती पाहण्यापूर्वीच निषेध केला, तर कधी कधी आपल्याच मित्राला दुखावण्याची वेळ येते.

याच चित्रपटापासून स्फूर्ती घेतल्याचे सांगत मराठी दिग्दर्शक ओम राऊत यांनी ‘आदिपुरुष’ची घोषणा केली. २ ऑक्टोबर २०२२ रोजी अयोध्येत त्याची झलक दाखवली गेली आणि तेव्हाच टीकेचे मोहोळ उठले. प्रदर्शन पुढे ढकलून दृश्यांवर पुन्हा काम करण्यात आले. १६ जून २०२३ रोजी चित्रपट आला. प्रत्येक चित्रपटगृहात एक आसन हनुमंतासाठी राखून ठेवण्याचे आवाहन निर्मात्यांनी केले होते. प्रारंभी लोकांनी गर्दीही केली. परंतु ज्या हनुमंतासाठी आसन राखले, त्याच्याच तोंडी नाक्यावरच्या टवाळांची भाषा ऐकून माणसे उद्विग्न होऊन बाहेर पडली. थोड्याच दिवसांत काही संवाद बदलावे लागले, अलाहाबाद उच्च न्यायालयाने कठोर शब्दांत कानउघाडणी केली आणि जुलैत संवादलेखकांनी जाहीर क्षमायाचना केली.

या संतापाला ‘जुन्याचा हट्ट’ म्हणून हिणवणारेही निघाले. परंतु लोक पोशाखावर किंवा केशभूषेवर रागावले त्याहून अधिक भाषेवर रागावले. वाल्मीकींच्या रामायणात हनुमंत प्रथम भेटतो तेव्हा त्याच्या निर्दोष, संयत वाणीची प्रशंसा प्रत्यक्ष राम लक्ष्मणापाशी करतो. ती वाणी हाच त्या व्यक्तिरेखेचा प्राण आहे. तोच हरपला, तर बाकी सारे डोळे दिपवणारे असूनही हनुमंत उरत नाही. ज्या प्रेक्षकाने वाल्मीकी वाचला नव्हता, त्यालाही हे कळले. कारण लहानपणी कीर्तनातून, आजीच्या तोंडून, १९८७ च्या दूरदर्शन मालिकेतून आणि साकोंच्या चित्रपटातून त्याच्या कानाला एक माप लागले होते.

तिसरे उदाहरण हळहळीचे. साकोंचा तोच चित्रपट सुधारित चित्रप्रतीसह २४ जानेवारी २०२५ रोजी भारतातील चित्रपटगृहांत आला. युगो साको २०१२ साली आणि राम मोहन २०१९ साली निवर्तले. हा दिवस पाहण्याचे भाग्य दोघांनाही लाभले नाही. चित्रे तीच होती, परंतु हिंदी ध्वनिमुद्रण नव्या आवाजांत झाले होते. जुने आवाज ऐकू न आल्याने अनेक चाहत्यांचे मन खट्टू झाले. ही खंत समजण्यासारखी आहे. तथापि येथे रामाचे रामपण भंगले नव्हते. त्या दिवशी प्रथमच तो चित्रपट पाहणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या कानात नवाच आवाज रामाचा म्हणून ठसला असेल, आणि त्यात त्या मुलाचे काही चुकले नाही. गमावल्याची हळहळ आणि विटंबनेचा संताप या दोन भावना पालकांनी वेगळ्या ओळखायला शिकले पाहिजे. दोन्हींची सरमिसळ झाली, तर प्रत्येक नव्या गोष्टीवर आगपाखड करण्याची सवय जडते आणि खऱ्या प्रमादाच्या वेळी शब्दांना धार उरत नाही.

उमरठची कसोटी

हा भेद करण्याची कसोटी शोधायला या परिसरातून बाहेर जाण्याची गरज नाही. पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे सुभेदार तानाजी मालुसरे यांचे गाव. तेथे त्यांची समाधी आहे. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाण्यावर त्यांनी देह ठेवला आणि तो मढे घाटाने खाली या खोऱ्यात आणला गेला, अशी परंपरा आहे; घाटाचे नावही त्यावरूनच पडले, असे लोक सांगतात.

या एका रात्रीची गोष्ट किती वेळा सांगितली गेली! शाहीर तुलसीदासांनी पोवाडा रचला. हरि नारायण आपटे यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिली. बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, तर दहा वर्षांनी व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी त्याच नावाचा बोलपट काढला. २०२० च्या जानेवारीत ‘तान्हाजी’ आला. त्याचे दिग्दर्शकही ओम राऊतच. प्रत्येकाने काही नवे घातले. पोवाड्याने घोरपड आणली. इतिहासकार तिच्याविषयी शंका घेतात, लोक मात्र ‘यशवंती’ या नावाने तिला ओळखतात. २०२० च्या चित्रपटाने ‘नागीण’ नावाची प्रचंड तोफ आणली. तिच्यावर आणि इतर प्रसंगांवर अभ्यासकांनी रास्त हरकती घेतल्या. तरीही महाराष्ट्राने तो चित्रपट मनापासून उचलून धरला. मुलाचे लग्न बाजूला ठेवून स्वराज्याच्या कार्याला निघालेला बाप, हा या कथेचा गाभा. तो पोवाड्यात होता, कादंबरीत होता, मूकपटात होता आणि संगणकाच्या करामतींनी भरलेल्या या चित्रपटातही शाबूत होता.

एकाच दिग्दर्शकाला एकाच लोकांनी तीन वर्षांच्या अंतराने दोन वेगळे कौल दिले. एकदा डोक्यावर घेतले, एकदा नाकारले. यात व्यक्तीविषयी आकस नव्हता आणि नावीन्याचा द्वेषही नव्हता. लोकांना गोष्ट आधीपासून ठाऊक होती, म्हणून त्यांना न्याय करता आला. अलंकार त्यांनी चालवून घेतला, गाभ्याला धक्का लागला तेव्हा ते उठून उभे राहिले. पोवाडा ऐकायला बसलेला श्रोता शाहिराला जी दाद देतो किंवा देत नाही, तीच ही परंपरा होय.

उद्याच्या श्रोत्याचे काय?

येथेच खरी चिंता आहे. २०२३ साली रागावलेली पिढी रागावू शकली, कारण तिच्यापाशी माप होते. आज जे मूल चार-पाच वर्षांचे आहे, त्याच्यापाशी ते कोठून येणार? दोन खोल्यांच्या घरात नातवंडे मुंबईला, आजी-आजोबा पोलादपूरच्या वाडीत आणि मुलाच्या हाती भ्रमणध्वनी, असे चित्र या भागातील कितीतरी कुटुंबांत आहे. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी गावी येतात, तेवढीच भेट. त्या मुलाने ‘आदिपुरुष’सारखे काही प्रथमच पाहिले, तर त्याला त्यात वावगे काय वाटणार? त्याच्या लेखी हनुमंत तसाच बोलत असेल. ज्या दिवशी असा चित्रपट येईल आणि कोणीही रागावणार नाही, तो दिवस आजच्या संतापापेक्षा कितीतरी अधिक दुःखाचा असेल.

हे टाळण्याचा उपाय निषेधाच्या पत्रकात सापडणार नाही. चित्रपटगृहाबाहेर घोषणा देणाऱ्या बापाने घरी मुलाला किष्किंधाकांड एकदाही सांगितले नसेल, तर त्या घोषणेला पाया नाही. उलट ज्या घरी गोष्ट सांगितली जाते, तेथे कोणताही चित्रपट निर्धास्तपणे दाखवावा. मूलच विचारील, “आई, हनुमान असा बोलतो का?” त्या प्रश्नात साऱ्या परिसंवादांहून अधिक बळ आहे.

कार्यकर्त्यांसाठी कार्यक्रम साधा आहे. गणपतीच्या सुटीत वाडीवरच्या एखाद्या पडवीत मुलांना जमवावे. साकोंचा चित्रपट दाखवावा, मोगलीही दाखवावा. जपानी किंवा इंग्रजी म्हणून नाक मुरडू नये. नंतर गावातील एखाद्या आजीला तीच गोष्ट तिच्या बोलीत सांगायला लावावी आणि मुलांना विचारावे, दोहोंत वेगळे काय आणि सारखे काय? एकदा त्यांना उमरठला न्यावे, समाधीपुढे बसवून पोवाडा ऐकवावा आणि घोरपड खरी की खोटी, यावर मनसोक्त भांडू द्यावे.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडच्या बाजारपेठेत आणि घराघरांत पाणी शिरले, तेव्हा वह्या-पुस्तके, चित्रकथा, जपून ठेवलेल्या तबकड्या चिखलात गेल्या. चिखल उपसताना मुलांना धीर देण्यासाठी घरात उरले होते ते तोंडाने सांगता येईल तेवढेच. शिवथरघळीत एकाने सांगितले आणि दुसऱ्याने लिहून घेतले, त्या प्रसंगी मध्ये कोणतेही यंत्र नव्हते. पडदे बदलत राहतील, आवाज बदलत राहतील. आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी प्रत्येक घरात एक गोष्ट सांगितली जावी, एवढीच या व्याख्यानाची अपेक्षा आहे.